राफ ते आरएसके: मॅप कायनेज साखळीच्या फॉस्फो-अँटीबॉडी संचाचं परीक्षण

राफ, मेक, एर्क आणि आरएसके ही पेशीतली कायनेज, म्हणजे इतर प्रथिनांवर फॉस्फेट लावणारी एन्झाइमं; ती एकापाठोपाठ एक चालू होतात, हीच मॅप कायनेज साखळी. फॉस्फेट लागलेलं रूपच ओळखणाऱ्या फॉस्फो-अँटीबॉडींचा हा संच ती साखळी वेस्टर्न ब्लॉटवर पाहायला असतो: जेलमध्ये आकारानुसार सुटी केलेली प्रथिनं मेम्ब्रेनवर उतरवायची आणि अँटीबॉडीने पट्ट्या म्हणून दाखवायची. या संचातली फॉस्फो-एर्कची कुपी सगळ्यात आधी संपते आणि फॉस्फो-राफची कुपी फ्रीझरच्या कोपऱ्यात पडून राहते. पहिलीचं कौतुक थोडं जास्त होतं, दुसरीवरची नाराजी मात्र रास्त आहे. खरी कामाची कुपी तिसरीच आहे, आरएसकेची, आणि तिच्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही.

अनेक कंपन्या थोड्याफार फरकाने हाच संच विकतात, त्यामुळे हे परीक्षण कोणा एका नावाचं नाही, संचाच्या घडणीचं आहे. आत सशाच्या अँटीबॉडी असतात (कंसात फॉस्फेट लागण्याची अमिनो आम्लाची जागा): फॉस्फो-सी-राफ (सेरीन ३३८), फॉस्फो-मेक १/२ (सेरीन २१७/२२१), फॉस्फो-एर्क १/२ (थ्रिओनिन २०२/टायरोसिन २०४), फॉस्फो-पी९०आरएसके (सेरीन ३८०) आणि एकूण एर्क, म्हणजे फॉस्फेट असो-नसो सगळं एर्क ओळखणारी. सोबत एचआरपी (पट्टी उजळवणारं एन्झाइम) जोडलेली अँटी-रॅबिट सेकंडरी, म्हणजे सशाच्या अँटीबॉडीला चिकटणारी दुसरी अँटीबॉडी. कुप्या लहान, २० ते ४० मायक्रोलिटरच्या. १:१००० प्रमाणात १० मिलिलिटर द्रावणाला १० मायक्रोलिटर लागतात, म्हणजे २० च्या कुपीत दोनच मेम्ब्रेन. मेम्ब्रेन प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद करून ४-५ मिलिलिटरमध्ये भागवलं तर दुप्पट होतात. तात्पर्य, संच चाचपणीसाठी घ्यायचा. रोजच्या कामाला फॉस्फो-एर्कची मोठी कुपी वेगळी मागवणंच परवडतं.

मागवताना एक घोळ हमखास होतो. एका कॅटलॉगात २०२/२०४ असतं, दुसऱ्यात १८५/१८७, तिसऱ्यात १८३/१८५. पहिले आकडे माणसाच्या एर्क १ चे, दुसरे माणसाच्या एर्क २ चे, तिसरे उंदीरवर्गातल्या एर्क २ चे. जागा एकच: थ्रिओनिन-ग्लुटामेट-टायरोसिन या तिकडीची. मेकचंही तसंच, २१७/२२१ आणि २१८/२२२ ही एकाच जोडीची दोन गणनं. वेगवेगळ्या अँटीबॉडी समजून दोन्ही मागवू नका.

आता कोणती पट्टी काय सांगते ते पाहू, कारण संचाची किंमत त्यावरच ठरते. ईजीएफ (पेशीला वाढीचा इशारा देणारं प्रथिन) पेशीबाहेर रिसेप्टरला चिकटतं, दोन रिसेप्टर जोडीने येतात आणि एकमेकांच्या शेपटांवरच्या टायरोसिनवर फॉस्फेट लावतात. तिथे ग्रब२ हे प्रथिन येऊन बसतं, ते सॉस या प्रथिनाला पडद्यापाशी आणतं, सॉस रास या प्रथिनातला जीडीपी (बंद अवस्थेचा रेणू) काढून जीटीपी (चालू अवस्थेचा) बसू देतं. जीटीपीवालं रास राफला पडद्यावर ओढून चालू करतं. इथपर्यंतचा प्रवास या संचाला दिसत नाही. पुढे राफ मेकच्या दोन सेरीनवर फॉस्फेट लावतं, मेक एर्कच्या थ्रिओनिन आणि टायरोसिन दोन्हींवर लावतं, आणि एर्क पुढे आरएसकेला आणि केंद्रकातल्या एल्क-१ सारख्या प्रथिनांना गाठतं.

यातून निघणारी गोष्ट साधी आहे, पण शोधनिबंधांतही ती निसटते: फॉस्फो-पट्टी मुख्यतः वरच्या कायनेजचं काम दाखवते. फॉस्फो-मेक म्हणजे राफने काम केलं. फॉस्फो-एर्क म्हणजे मेकने काम केलं. एर्कने स्वतः काही केलं की नाही, हे फॉस्फो-एर्कवरून कळत नाही. त्यासाठी आरएसके बघावं लागतं. एरवी, साध्या ईजीएफच्या प्रयोगात, हा फरक जाणवत नाही, कारण फॉस्फेट लागलेलं एर्क सहसा कामालाही लागतं. औषधं मध्ये आली की जाणवतो.

उलिक्सर्टिनिबचं उदाहरण घ्या. हे औषध एर्कच्या एटीपीच्या (फॉस्फेट पुरवणाऱ्या रेणूच्या) खोबणीत बसून एर्कचं काम थांबवतं. पेशींवर टाकलं आणि फक्त फॉस्फो-एर्क पाहिलं तर पट्टी कमी होत नाही, उलट वाढते. एर्क थांबल्यामुळे ते राफ आणि सॉसवर जो उलटा दाब ठेवत असतं तो सुटतो, वरचं सगळं सैल होतं आणि मेक जोरात एर्कवर फॉस्फेट लावत राहतं. एकट्या कुपीवर विसंबणारा माणूस औषध चाललंच नाही असं लिहून मोकळा होईल. त्याच लायसेटमध्ये (पेशी फोडून मिळालेल्या द्रवात) सेरीन ३८० ची आरएसके पट्टी मात्र पडलेली दिसते. या एका तुलनेसाठी हा संच घ्यावा असं आमचं मत आहे. आरएसकेच्या सेरीन ३८० वर फॉस्फेट एर्क थेट लावत नाही. एर्क आरएसकेचा शेपटाकडचा कायनेज भाग चालू करतं आणि तो भाग ३८० वर लावतो. म्हणजे ही पट्टी एर्कच्याही एक पायरी पुढची आहे, आणि म्हणूनच तिचा पुरावा जास्त भक्कम.

फॉस्फो-मेकच्या कुपीचं असंच एक विचित्र वागणं आहे. यू०१२६ हे मेक थांबवणारं औषध टाकलं की फॉस्फो-एर्क नाहीसं होतं, पण फॉस्फो-मेक पुष्कळदा चढतं. नवख्यांना वाटतं अँटीबॉडी बिघडली. बिघडलेलं काही नसतं. यू०१२६ मेकच्या एटीपीच्या जागेशी न झगडता शेजारी बसून मेकचं काम थांबवतं. मेकवर राफने लावलेलं फॉस्फेट तसंच राहतं, आणि एर्ककडून येणारा उलटा दाब गेल्यामुळे राफ आणखी लावतं. मेकची सगळीच औषधं अशी वागत नाहीत: ट्रॅमेटिनिब मेकवरचं फॉस्फेट लागणंही अडवतं, त्यामुळे तिथे मेकची पट्टीही खाली येऊ शकते. कंट्रोल म्हणून कोणतं औषध वापरलं हे ठाऊक नसताना फॉस्फो-मेकच्या पट्टीवर काही बोलू नये.

आणि राफची कुपी? ७४ किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाच्या एककात) आसपास एक फिकट पट्टी, जोडीला दोन-तीन नको असलेल्या. सेरीन ३३८ चं फॉस्फेट राफ चालू होण्याला मदत करतं हे खरं, पण राफचं नियंत्रण एका जागेवर नाही. सेरीन २५९ वर फॉस्फेट असलं की १४-३-३ प्रथिन राफला धरून बंद ठेवतं. चालू होण्यासाठी तिथलं फॉस्फेट निघावं लागतं. शिवाय बी-राफमध्ये ३३८ च्या जोडीची जागा, सेरीन ४४५, बहुतेक वेळ फॉस्फेटसकटच असते. म्हणून ३३८ वाढलं नाही तरी राफ चालू असू शकतं. राफचं काम बघायचं तर फॉस्फो-मेक बघा. संचातल्या पाचांत हीच एक कुपी काढून टाकली तरी काही बिघडणार नाही. तिच्या जागी एकूण मेकची दिली असती तर उपयोग झाला असता, कारण ती नसल्यामुळे फॉस्फो-मेकची पट्टी एकूण मेकच्या पट्टीने भागून पाहता येत नाही.

संचाबद्दल जितक्या तक्रारी ऐकू येतात त्यांतल्या बहुतेकांचं मूळ कुपीत नसतं, पेशी फोडण्याच्या पहिल्या एका मिनिटात असतं. मेक बंद केल्यावर फॉस्फो-एर्क काही मिनिटांतच ओसरतं, इतक्या वेगाने पेशीतले फॉस्फेटेज फॉस्फेट उतरवतात. पेशी फुटल्या की मेकला रसद बंद, फॉस्फेटेज मात्र मोकाट. बफर शोधत बसलात तर त्या वेळेत पट्टी फिकी पडू शकते.

सगळ्यात भरवशाची पद्धत म्हणजे गरम एसडीएस, म्हणजे प्रथिनं उलगडून टाकणारा साबणासारखा पदार्थ. १० मिलिमोलर ट्रिस, पीएच ७.५, त्यात १ टक्का एसडीएस आणि १ मिलिमोलर सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट, ९५ अंशांवर तापवलेलं. माध्यम पूर्ण शोषून घ्यायचं आणि सहा कप्प्यांच्या प्लेटमध्ये कप्प्यामागे १५० मायक्रोलिटर थेट ओतायचं. खरवडून नळीत घ्यायचं, ५ मिनिटं उकळायचं. डीएनए सुटल्यामुळे शेंबडासारखं चिकट होतं. २६ गेजच्या सुईतून आठ-दहा वेळा ओढलं किंवा थोडं सोनिकेट केलं की सरळ होतं. प्रथिन मोजायला बीसीए ही पद्धत वापरा, ती इतकं एसडीएस सहन करते. ब्रॅडफर्डची पद्धत करत नाही. डीटीटी (प्रथिनातले सल्फर-बंध तोडणारा पदार्थ) आणि निळा रंग मोजमाप झाल्यावरच घाला.

ट्रायटनचा (सौम्य साबणाचा) बफर वापरणारच असाल तर फॉस्फेटेज रोखणाऱ्यांच्या दोन फळ्या हव्यात. टायरोसिनसाठी व्हॅनाडेट १ मिलिमोलर. सेरीन-थ्रिओनिनसाठी सोडियम फ्लोराइड १० ते ५० मिलिमोलर आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट १० ते २५ मिलिमोलर. एर्कवर दोन्ही तऱ्हेचं फॉस्फेट आहे आणि अँटीबॉडी दोन्ही मागते, त्यामुळे एक फळी जरी विसरलात तरी पट्टी जाते. व्हॅनाडेट बाटलीतून काढून तसंच घालायचं नसतं. २०० मिलिमोलर द्रावणाचा पीएच १० करा. पिवळं दिसलं तर त्यात व्हॅनाडेटचे गुच्छ झालेले आहेत. रंग जाईपर्यंत उकळा, थंड करा, पुन्हा पीएच १० करा, आणि पीएच न हलता द्रावण रंगहीन राहीपर्यंत हेच करत राहा. मग छोटे भाग करून गोठवा. लायसिस बफरमध्ये डीटीटी घातलं तर ते व्हॅनाडेटला मारतं, ईडीटीए (धातूंना धरून ठेवणारा पदार्थ) भरपूर असेल तर ते त्याला बांधून ठेवतं. हे दोन पदार्थ ‘चांगल्या सवयी’ म्हणून सर्वत्र टाकणाऱ्यांच्या पट्ट्या फिकट येतात आणि दोष अँटीबॉडीवर जातो.

दुसरी तक्रार: ईजीएफ न देताही पट्टी दिसते. पेशी उपाशी ठेवा, ०.१ ते ०.५ टक्के सीरममध्ये १६ ते १८ तास. पण उपाशी ठेवून शेवटच्या क्षणी माध्यम बदललंत तर केलेलं पाण्यात जातं, कारण माध्यम बदलणं, प्लेट हलवणं, पेशींवरून द्रव वाहणं याने एर्क चालू होतं. ईजीएफ दहापट तीव्रतेचं, कोमट करून, एकूण आकारमानाच्या दहाव्या भागाएवढं हळूच सोडा, आणि कंट्रोलच्या कप्प्यातही तेवढंच कोरं माध्यम त्याच हाताने सोडा. मात्रा १० ते १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. वेळांची मालिका करायची तर ६० मिनिटांच्या कप्प्यात आधी, मग ३०, १०, ५, २, म्हणजे सगळे कप्पे एकाच क्षणी फोडता येतात. हेला पेशींत शिखर ५ मिनिटांच्या आसपास येतं. ए३७५ किंवा एचटी-२९ सारख्या, बी-राफमध्ये व्ही६००ई हे उत्परिवर्तन असलेल्या पेशींत उपासाने फारसा फरक पडत नाही. तिथे राफ स्वतःच चालू आहे, पट्टी असायलाच हवी.

एकाच वेळेचं मोजमाप या साखळीत फसवं असतं. पीसी१२ पेशींना ईजीएफ द्या किंवा एनजीएफ (मज्जातंतूंच्या वाढीचं प्रथिन) द्या, ५ मिनिटांनी फॉस्फो-एर्क दोन्हींत जोरदार. ईजीएफचं तासाभरात बसतं आणि पेशी विभागत राहतात. एनजीएफचं कित्येक तास टिकतं आणि पेशींना मज्जातंतूसारखे फाटे फुटतात. संचाच्या माहितीपत्रकात ५ मिनिटांचाच फोटो असतो, म्हणून लोक ५ मिनिटांवरच थांबतात.

जेलकडे वळू, कारण या संचाची बांधणी तिथे चुकलेली आहे. मेक ४५ किलोडाल्टन, एर्क ४४ आणि ४२. तिन्ही एकमेकांना खेटून, आणि सगळ्या अँटीबॉडी सशाच्या. एकाच मेम्ब्रेनवर एकामागून एक लावल्या तर आधीचीच पट्टी पुन्हा दिसते; मेम्ब्रेन कापूनही सुटका नाही. त्यामुळे मेक आणि एर्कसाठी दोन वेगळ्या जेल करा. राफ आणि आरएसके मात्र वरच्या तुकड्यावर येतात. १० टक्क्यांची जेल घ्या आणि ३७ किलोडाल्टनची मार्कर पट्टी तळाजवळ येईपर्यंत चालवा, तरच ४४ आणि ४२ सुट्या होतात. सुटल्या नाहीत तर एक जाड डाग मिळतो आणि एर्क १ चं किती, एर्क २ चं किती, हे कळत नाही. चांगली चाललेली जेल असेल तर एकूण एर्कमध्ये दोनाऐवजी तीन-चार पट्ट्या दिसू शकतात. फॉस्फेट लागलेलं एर्क किंचित वर सरकतं, तो दोष नव्हे.

लोडिंग कंट्रोल (प्रत्येक रांगेत सारखं प्रथिन भरलं का हे दाखवणारी पट्टी) म्हणून सवयीने बीटा-ॲक्टिन लावलं जातं. ते ४२ किलोडाल्टनचं, म्हणजे नेमकं एर्क २ च्या डोक्यावर. व्हिन्क्युलिन किंवा ट्युब्युलिन घ्या.

एकूण एर्कसाठी मेम्ब्रेन स्ट्रिप करण्याचा, म्हणजे आधीची अँटीबॉडी धुऊन काढण्याचा सल्ला संचासोबत येतो: ट्रिस ६२.५ मिलिमोलर पीएच ६.८, एसडीएस २ टक्के, बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल १०० मिलिमोलर, ५० अंशांवर ३० मिनिटं. चालतं, पण मेम्ब्रेनवरचं थोडं प्रथिनही सोबत जातं, आणि स्ट्रिप अर्धवट झाली की जुनी फॉस्फो-पट्टी एकूण म्हणून मोजली जाते. खात्री करायची तर स्ट्रिपनंतर फक्त सेकंडरी लावून कोरं दिसतं का ते पाहा. याहून बरा उपाय म्हणजे उंदराची एकूण एर्क अँटीबॉडी वेगळी घेणं आणि दोन रंगांच्या फ्लुरोसंट सेकंडरीने दोन्ही एकाच वेळी वाचणं. संचात ती उंदराची दिली असती तर अर्धी कटकट वाचली असती. कंपन्यांना हे ठाऊक नसेल असं वाटत नाही.

ब्लॉकिंगला (मेम्ब्रेनच्या मोकळ्या जागा भरायला) दूध की बीएसए हे गाईच्या रक्तातलं प्रथिन, या वादात फार अडकू नका. दुधातलं केसिन स्वतः फॉस्फेटवालं आहे, म्हणून कुठलंही फॉस्फोटायरोसिन किंवा फॉस्फोसेरीन ओळखणाऱ्या अँटीबॉडीला त्याचा त्रास होतो. विशिष्ट जागा ओळखणाऱ्या या कुप्यांना तो बराच कमी. तरी प्रायमरी (संचातली मूळ अँटीबॉडी) ५ टक्के बीएसए आणि टीबीएसटी बफरमध्ये, ४ अंशांवर रात्रभर, ही रीत सोडायचं कारण नाही. पातळ केलेली प्रायमरी ०.०२ टक्के सोडियम ॲझाइड घालून ४ अंशांवर ठेवून पुन्हा वापरता येते, पण पहिल्या आणि तिसऱ्या वापरातल्या पट्ट्यांची तुलना करू नका. ॲझाइड सेकंडरीत चुकूनही पडू देऊ नका, एचआरपी मरतं. मूळ कुपी बहुधा ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये असते, उणे २० वर गोठत नाही. तिचे छोटे भाग करत बसायची गरज नसते.

अँटीबॉडी खरंच फॉस्फेटच ओळखते का, हे पहिल्या वापराआधी एकदा तपासा. ईजीएफ दिलेलं लायसेट, यू०१२६ (१० मायक्रोमोलर, अर्धा ते एक तास आधी) देऊन मग ईजीएफ दिलेलं लायसेट, आणि लॅम्डा फॉस्फेटेजने धुतलेलं लायसेट अशा तीन रांगा पुरतात. लॅम्डासाठीचं लायसेट वेगळं, फॉस्फेटेज रोखणारे पदार्थ आणि ईडीटीए न घालता करावं लागतं, कारण त्या एन्झाइमला मँगनीज लागतं: १ मिलिमोलर मँगनीज क्लोराइड, ३० अंशांवर ३० मिनिटं. तिसऱ्या रांगेत फॉस्फो-पट्टी जायला हवी आणि एकूण एर्क जागच्या जागी राहायला हवं. एकूणही पडलं, तर तिथे प्रोटिएजने काम केलं असं समजा.

पट्टीचा गडदपणा मोजणार असाल तर फॉस्फो-एर्कची कुपी जरा जास्तच चांगली आहे. ईजीएफ दिलेल्या लायसेटचे २० मायक्रोग्रॅम घातले की ईसीएल (एचआरपीमुळे पट्टीतून निघणारा उजेड) लगेच भरून जातं. दुप्पट फरक सव्वापट दिसतो. ५, १०, २० ची मालिका लावून सरळ रेष कुठपर्यंत आहे ते बघा, आणि सहसा १० च्या आत राहा.

शेवटची मर्यादा कुप्यांची नाही, वेस्टर्न ब्लॉटचीच आहे. ह्वांग आणि फेरेल या संशोधकांनी १९९६ मध्ये दाखवलं की तीन मजल्यांची ही साखळी थोड्या इशाऱ्याला दाद देत नाही आणि एका मर्यादेनंतर एकदम उसळते. पुढे १९९८ मध्ये झेनोपस बेडकाची अंडपेशी एकेक करून तपासली तेव्हा प्रोजेस्टेरॉनला प्रत्येक पेशी एकतर पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद आढळली. सगळ्या एकत्र फोडल्या असत्या तर मधल्या मात्रेला अर्धी पट्टी दिसली असती, आणि ‘अर्ध्या पेशी पूर्ण चालू’ की ‘सगळ्या पेशी अर्ध्या चालू’ हे त्या पट्टीवरून कुणालाच सांगता आलं नसतं. प्रश्न असा असेल तर फॉस्फो-एर्कची मोनोक्लोनल (एकाच पेशीवंशातून आलेली, एकसारखी) कुपी फ्लो सायटोमेट्रीला, म्हणजे एकेक पेशी मोजणाऱ्या तंत्राला वापरा: १.६ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये १० मिनिटं स्थिर करून, मग बर्फासारख्या थंड मिथेनॉलमध्ये. संचातली आरएसकेची कुपी फ्लोला चालेल असं गृहीत धरू नका, माहितीपत्रकात तसं लिहिलेलं असेल तरच लावा.

घ्यायचा कोणी? नवी औषधं किंवा नवी पेशीरेषा हाताळणाऱ्यांनी जरूर. ज्यांना फक्त ईजीएफ दिल्यावर एर्क चढलं एवढंच दाखवायचं आहे त्यांनी फॉस्फो-एर्क आणि उंदराची एकूण एर्क अशा दोन कुप्या सुट्या घ्याव्यात. मागवताना प्रत्येक कुपी मोनोक्लोनल आहे की पॉलीक्लोनल (अनेक अँटीबॉडींचं मिश्रण) ते वाचा. एर्कची आणि मेकची मोनोक्लोनल सहज मिळते. राफची किंवा आरएसकेची पॉलीक्लोनल निघाली तर लॉट बदलला की पार्श्वभूमीही बदलते. अशा वेळी चालू प्रयोगमाला संपेपर्यंत पुरेल एवढी त्याच लॉटची कुपी आधीच घेऊन ठेवा आणि लॉट नंबर वहीत लिहा.